रांगेतल्या ४१ जणांना काय सांगायचं?

सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी फोन आला. परवा आमच्या केंद्रावर अ‍ॅस्ट्राझेनेकाची कोविडवरची लस घेतलेले ६२ वर्षांचे एक गृहस्थ पहाटे गेले. २०२१ चा मे महिना. बाहेर रांगेत ४१ जण होते. टेबलावरची व्हायल पंधरा मिनिटांपूर्वी उघडलेली. दहापैकी तीन डोस देऊन झालेले, सात शिल्लक. उघडलेली व्हायल सहा तासांच्या आत वापरायची, नाही तर टाकून द्यायची.

सत्राची वैद्यकीय अधिकारी मी होते. सिस्टरांच्या हातात भरलेली सिरिंज होती. "थांबा जरा," एवढंच म्हणाले. सत्र बंद केलं नाही. थांबायचं ते एका ठरावीक तपासणीपुरतं. ती झाली की पुढचं ठरवायचं.

पहिलं काम रजिस्टरचं. परवाच्या यादीत त्यांचा क्रमांक १७ होता, म्हणजे दुसऱ्या व्हायलमधला सातवा डोस. मग त्याच व्हायलमधल्या बाकीच्या नऊ जणांना फोन लावायला घेतले. कारण साधं आहे. लस हाताळताना चूक झाली असेल, म्हणजे व्हायलमध्ये घाण शिरली, ती मुदतीनंतर वापरली गेली, किंवा लसीऐवजी दुसरंच औषध टोचलं गेलं, तर त्याचा फटका सहसा एकट्यादुकट्याला बसत नाही. त्याच व्हायलमधल्या आणखी कुणाला तरी काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तडकून ताप, उलट्या-जुलाब, दंडाला लाल सूज असं काही दिसतं. नऊपैकी सात जण फोनवर भेटले, दोघांच्या घरी आरोग्य सेविका जाऊन आली. दोघांना पहिल्या रात्री ताप आला होता, पॅरासिटामॉलने उतरला. बाकीच्यांचा फक्त दंड दुखत होता. ११ वाजून ३५ मिनिटांनी नऊचे नऊ ठणठणीत असल्याचं कळलं.

आज वापरात होती ती बॅच वेगळी होती. तरीही थांबलो, कारण फ्रिज तोच आणि हातही तेच. फ्रिजच्या तापमानाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी तपासल्या; सगळ्या २ ते ८ अंशांमध्ये. परवाच्या बॅचच्या न उघडलेल्या व्हायल वेगळ्या डब्यात घालून त्यावर 'चौकशी चालू, वापरू नये' अशी चिठ्ठी लावली आणि डबा त्याच फ्रिजमध्ये ठेवला. इथे हमखास चूक होते. घाबरून कुणीतरी त्या व्हायल टेबलावर काढून ठेवतं, नाही तर टाकूनच देतं. गरम झालेली व्हायल प्रयोगशाळेत पाठवून काहीच कळत नाही. लस निर्दोष असेल तरी ते सिद्ध करता येत नाही, आणि दोष असेल तर तोही कायमचा निसटतो.

फोन चालू असतानाच बातमी बाहेर पोचली होती. एक सहकारी आत येऊन म्हणाले, "मॅडम, लसीशी काही संबंध नाही म्हणून सांगून टाका. नाही तर रांग पांगेल."

त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या क्षणी आमच्या हाती दोनच गोष्टी होत्या: माणूस गेला, आणि दोन दिवसांपूर्वी त्याने लस घेतली होती. संबंध नाही असं म्हणायला जितका आधार होता तितकाच आहे म्हणायला, म्हणजे शून्य. असं वाक्य एकदा उच्चारलं आणि पुढे वेगळं निघालं, तर नंतरच्या कुठल्याच वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि तेव्हा लोकांचं चुकलेलं नसतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं, "परवा इथे लस घेतलेले एक जण आज पहाटे वारले. कशाने, ते मला अजून माहीत नाही. त्याच व्हायलमधल्या बाकीच्या नऊ जणांशी आमचं बोलणं झालंय, ते बरे आहेत. हॉस्पिटलचे कागद मी मागवलेत. चार वाजता इथेच उभी राहून जे कळलं असेल ते सांगेन. काही कळलं नाही, तर कळलं नाही असं सांगेन. ज्यांना तोवर थांबायचंय त्यांचा नंबर जाणार नाही."

१७ जण निघून गेले, २४ थांबले. तपासणी झाली होती, म्हणून लस देणं पुन्हा सुरू केलं.

थोड्याच वेळात निरीक्षण कक्षात एक तरुण खुर्चीवरून घसरला. त्याला लस टोचून दहा मिनिटंही झाली नव्हती. कक्षातले सगळे उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. नाडी ४६, रक्तदाब ८४/५०. अंगावर पित्त नाही, ओठ सुजलेले नाहीत, छातीत घरघर नाही. आडवं केलं, पाय उशीवर उंच ठेवले. तीन-चार मिनिटांत नाडी ६४ वर आली आणि तो पाणी मागायला लागला. ही घेरी. भीतीने, सुईने, उपाशीपोटी रांगेत उभं राहून येणारी. जीवघेण्या अ‍ॅलर्जीत नाडी सहसा उलट धावते, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, आणि नुसतं आडवं करून रुग्ण सावरत नाही. तिथे अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब; गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. आधी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसणं ही तिथली सगळ्यात महाग चूक. ट्रेमधली अ‍ॅम्प्यूल मी उचलली होती, फोडली नाही. का फोडली नाही, ते कक्षातल्या लोकांना तिथेच समजावून सांगितलं आणि त्यातल्या दोघांना त्याची नाडी मोजायला लावली.

साडेबाराला त्या गृहस्थांचा मुलगा आला. हातात घडी घातलेला ईसीजी आणि रक्ताचा रिपोर्ट.

अशा वेळी 'लस घेतल्यावर काय झालं?' या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस गोष्ट तिथूनच सांगतो. आदल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागते. "बाबांना काही नव्हतं हो डॉक्टर," तो म्हणाला. मी विचारलं, "घराचा जिना न थांबता शेवटचा कधी चढले?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, दहाएक दिवसांपासून मधल्या टप्प्यावर थांबत होते, छातीत जळजळतंय म्हणून पित्ताची गोळी घेत होते.

ईसीजी माझ्या टेबलावर पसरला. दोन, तीन आणि एव्हीएफ या तिन्ही लीडमध्ये रेषा वर उचललेली: हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण. प्लेटलेट २ लाख ३४ हजार.

हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. कारण त्या दिवसांत लसीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट तीच होती. या लसीने क्वचित होणारा गुठळ्यांचा आजार साधारण चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत दिसतो. शरीरात पीएफ४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती प्लेटलेटना चेतवतात. म्हणून एकीकडे गुठळ्या होतात आणि दुसरीकडे प्लेटलेट दीड लाखाच्या खाली घसरतात. इथे दुसरा दिवस होता, प्लेटलेट भरपूर होत्या, आणि झटक्याची चाहूल लसीच्या आठ दिवस आधीची. डी-डायमर, म्हणजे गुठळ्यांची खूण शोधणारी रक्ततपासणी, झालेलं नव्हतं. शवविच्छेदनासाठी मी विचारलं. घरच्यांना नको होतं. मी पुन्हा आग्रह धरला नाही.

"लस घेतली नसती तर वाचले असते का?"

मी म्हणाले, "मला नाही वाटत. पण हे माझं मत आहे. निर्णय लसीनंतरच्या घटना तपासणारी समिती करेल. तो आला की मी स्वतः फोन करेन, माझ्या मतापेक्षा वेगळा आला तरी."

ही समितीची भानगड लोकांना वेळकाढूपणा वाटते, म्हणून थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत अशा घटनेची विभागणी ठरलेली आहे: लसीच्या घटकामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, भीतीच्या ताणामुळे, मग अनिश्चित, मग योगायोग, आणि माहितीच अपुरी असेल तर 'वर्गीकरण अशक्य'. योगायोग म्हणायचं तर मृत्यूचं दुसरं ठोस कारण दाखवावं लागतं. लसीचा पुरावा सापडला नाही एवढ्यावर तो शिक्का मारता येत नाही. मारला, तर ती फाइल म्हणजे धूळफेक.

तरीही योगायोग घडतात, आणि किती घडावेत याचा हिशेब करता येतो. समजा, साठीतल्या माणसांमध्ये वर्षाला हजारी १५ मृत्यू होतात. अशा १ लाख माणसांमध्ये वर्षाला १५०० मृत्यू, म्हणजे दिवसाला चार. त्या लाखभर लोकांना आपण नुसतं पाणी टोचलं, तरी पुढच्या सात दिवसांत २८-२९ जण जाणारच. (प्रत्यक्षात पहिले काही दिवस थोडे कमी, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस लस घ्यायला येत नाही.) त्या प्रत्येकाच्या घरी ते 'लसीनंतर' गेलेले असतात.

पण हा हिशेब समूहाचा आहे. एका माणसाच्या बाबतीत तो काहीच सिद्ध करत नाही, आणि 'हे तर होणारच' म्हणून डोळे मिटायला वापरला तर घातक ठरतो. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीकरणात हे दोन्ही घडलं. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध त्याच दिवशी वारले. नऊ राज्यांनी लसीकरण थांबवलं. तपासात लसीचा दोष निघाला नाही, आणि १४ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कॅमेऱ्यासमोर लस टोचून घेतली. मग त्याच लसीनंतर गियाँ-बारे हा लुळेपणा आणणारा आजार साधारण लाखात एकाला जास्तीचा होतोय असं दिसलं, आणि डिसेंबरमध्ये कार्यक्रम बंद झाला. एकाच लसीबाबत पहिला घंटानाद खोटा, दुसरा खरा. पहिला खोटा निघाला म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं असतं तर?

२०२१ मधल्या गुठळ्याही कुणीतरी 'योगायोग' म्हणायला नकार दिला म्हणूनच सापडल्या. मेंदूच्या शिरेत गुठळी आणि त्याच वेळी घसरलेल्या प्लेटलेट ही जोडी इतकी विरळा, की हातावर मोजण्याइतक्या रुग्णांतही ती उठून दिसली. ११ मार्चला डेन्मार्कने लस थांबवली, ७ एप्रिलला युरोपीय औषध संस्थेने हा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला. अनेकांना वाटलं, या थांबण्याने लोकांचा विश्वास उडाला. काही ठिकाणी उडालाही. पण त्यामुळेच जगभरच्या डॉक्टरांना वेळेत कळलं की या गुठळ्यांना नेहमीसारखं हेपॅरिन द्यायचं नाही, प्लेटलेट चढवायची घाई करायची नाही, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं आणि हेपॅरिनखेरीज दुसरं रक्त पातळ करणारं औषध निवडायचं. त्याने जीव वाचले.

अडीच वाजता थांबलेल्यांपैकी एक २६ वर्षांची मुलगी आत आली. "डॉक्टर, मला गोल गोल नका सांगू. माझ्या वयाला किती धोका?"

केंब्रिजच्या विंटन सेंटरने एप्रिलमध्ये केलेला तक्ता माझ्याकडे छापलेला होता. तो चांगला, कारण दोन्ही बाजू एकाच मापात मांडतो: दर लाख माणसांमागे. साथीचा जोर कमी असताना १६ आठवड्यांत साठीतल्या लाख माणसांमागे लस १४.१ जणांचं आयसीयू टाळते, आणि गुठळ्यांचा त्रास ०.२ जणांना होतो. विशीतल्यांत टळतात ०.८ आणि त्रास होतो १.१ जणांना. म्हणजे तिच्या वयाला, साथ मंद असताना, पारडं लसीच्या विरुद्ध झुकतं. हे मी तिला जसंच्या तसं दाखवलं. मग खालचा भाग: संसर्ग दहापट असेल तर त्याच वयात ६.९ विरुद्ध १.१. ते आकडे ब्रिटनचे, तिथल्या आरोग्यव्यवस्थेतले. आणि त्यात फक्त स्वतःचं आयसीयू मोजलंय, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लागण होणं मोजलेलं नाही, हेही सांगितलं.

"घरी कोण कोण असतं?"

"आजी. तिला दुसऱ्या आजारामुळे डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय."

"आणि आजूबाजूला?"

"शेजारच्या तिन्ही घरांत कोविड आहे."

मी सल्ला दिला: घे. आणि कागदावर लिहून दिलं: चौथ्या दिवसापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, धाप, पोटात सतत दुखणं, एका पायाला सूज, टोचलेल्या जागेपासून लांब त्वचेवर बारीक लाल ठिपके, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, लस कधी घेतली ते आपणहून सांगायचं आणि आधी प्लेटलेट मोजायला लावायच्या. पहिल्या दोन दिवसांचा ताप आणि डोकेदुखी ही ती नव्हे, हे अधोरेखित केलं. नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी घाबरून धावतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि दहाव्या दिवशी खरं दुखणं आलं की 'मागेही काही निघालं नव्हतं' म्हणून घरी बसतो. ती कागद घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसली.

चार वाजता मी ठरल्याप्रमाणे उभी राहिले. मुलाची परवानगी घेतली होती, तेवढंच सांगितलं: हृदयविकाराचा झटका होता, त्रास लसीच्या आधीपासूनचा होता, गुठळ्यांच्या आजाराची खूण रक्तात नव्हती, शवविच्छेदन झालेलं नाही, समितीचा निर्णय यायचाय. मागून एकाने विचारलं, "म्हणजे शंभर टक्के लस नव्हे?" मी म्हणाले, "शंभर टक्के म्हणण्याइतकं माझ्याकडे नाही. जे आहे ते झटक्याकडे बोट दाखवतंय."

सकाळी गेलेल्या १७ पैकी आठ जण परत आले होते. थांबलेल्या २४ पैकी २३ जणांचं दुपारपर्यंत आटोपलं होतं. उरली होती ती मुलगी. उघड्या व्हायलमध्ये चार डोस होते, माणसं नऊ. पाच जणांसाठी नवी व्हायल उघडली, मुलगी शेवटची. साडेचारला शेवटचा डोस दिला, तिला अर्धा तास बसवून ठेवलं, आणि नव्या व्हायलमधले उरलेले पाच डोस वाया म्हणून रजिस्टरात लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'परत आलेल्या लाभार्थींसाठी उघडली.'