सलाइनच्या नळीतलं अंडं : नोंद चौथी

मागच्या खेपेपर्यंत पेप्सिनने, म्हणजे जठरातल्या प्रथिन तोडणाऱ्या पाचक द्रव्याने, अंड्याचा तुकडा किती झिजवला हे मी नजरेने ठरवत होतो. ‘बराच’, ‘थोडासा’, असल्या नोंदी. आता मोजमाप मिलिमीटरमध्ये आलंय.

युक्ती माझी नाही. पावलॉव्ह म्हटलं की लोकांना कुत्रा आणि घंटा आठवते, पण 1904 चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं. त्याच्या प्रयोगशाळेत मेट नावाच्या डॉक्टरने ही पद्धत काढली. कच्चा पांढरा बलक बारीक काचनळीत ओढायचा, गरम पाण्यात घट्ट करायचा आणि नळीचे तुकडे पाचक रसात टाकायचे. रस दोन तोंडांकडूनच शिरतो, त्यामुळे किती पोखरलं ते पट्टी लावून वाचता येतं.

काचनळी कापताना अंगठा कापला. मग मेडिकलमधून नवी सलाइनची नळी आणली, ती कात्रीने कापते. पहिला घाणा वाया गेला, बलकात बुडबुडे राहिले होते. दुसरा दोन दिवस फ्रिजमध्ये तसाच ठेवला, तेव्हा बुडबुडे जिरले. घाई करू नका.

पेप्सिन कुठलं? जेवणानंतर घेतात ते पेप्सिन-डायस्टेजचं सिरप. डायस्टेज पिष्टावर काम करतं, इथे ते नुसतं बसून असतं. आम्लासाठी गाळलेला लिंबाचा रस. आम्लता मोजणाऱ्या पीएचच्या पट्ट्या माझ्याकडे आयत्याच, टॉवेलच्या कारखान्यात रंगकामाला आहे ना! मिश्रण पीएच अडीचच्या आसपास ठेवलं. आणि 37 अंशांची पेटी? मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखालच्या खोलीला पेटी म्हणायला हरकत नाही. दुपारी 39 होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुकडे तिथेच ठेवले.

नुसतं पाणी : शून्य. नुसतं लिंबू : शून्य, टोकं जरा फुगली. सिरप आणि पाणी : शून्य. सिरप आणि लिंबू : दर टोकाला 2 मिमी. म्हणजे आम्ल स्वतः प्रथिन तोडत नाही, पेप्सिनला कामाला लावतं. पेप्सिनही प्रथिनाची अमिनो आम्लांची साखळी पार सुटी करत नाही. फिनाइलअ‍ॅलनिन, ल्युसिन अशा कड्यांपाशी मधेच कातरतं, तुकडे विरघळण्याइतके लहान झाले की बलक मागे सरकतो.

खरी मजा पुढे. लिंबू तेवढंच ठेवून सिरप दुप्पट केलं. 4 मिमीची वाट पाहत होतो, मिळाले पावणेतीन. वाटलं, पट्टी चुकीची वाचली. पुन्हा केलं, पुन्हा पावणेतीन ते तीनच्या मधे. चौपट केल्यावर कुठे 4 च्या जवळ गेलं. हाच तो शुट्झचा जुना नियम : पचनाचं माप पेप्सिनच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. वाचला होता, पण सलाइनच्या नळीत दिसेल असं वाटलं नव्हतं. मटणाच्या ताटानंतर एकाऐवजी दोन चमचे सिरप पिणारे आमचे काका यावर काय म्हणतील, विचारायची हिंमत झाली नाही.

एका बाटलीत तीन तासांनी खायचा सोडा टाकला. फेस आला, पीएचची पट्टी आठ दाखवायला लागली आणि पोखरणं थांबलं. तासाभराने लिंबू पिळून पुन्हा अडीचवर आणलं. सहा वाजेपर्यंत रेषा हलली नाही. अल्कलीत पेप्सिनची घडीच मोडते, ती परत बसत नाही. पोटातही हेच होतं. जठरातून अन्न पुढे गेलं की स्वादुपिंडाचा बायकार्बोनेट आम्ल मारतो आणि काम ट्रिप्सिनकडे, म्हणजे लहान आतड्यात प्रथिन तोडणाऱ्या द्रव्याकडे, जातं.

ट्रिप्सिन मला मिळालेलं नाही. त्याऐवजी कच्च्या पपईचा चीक घेणार आहे, मटण मऊ करायला वाटून लावतात तोच. त्यातल्या पपेनला आम्ल लागत नाही, आणि 60 अंशांपर्यंतची उष्णता त्याला मानवते. म्हणजे पत्र्याची खोली अपुरी, थर्मास काढावा लागणार. नळ्या कापून फ्रिजमध्ये ठेवल्यात, ताकाच्या भांड्यामागे, चिठ्ठी लावून.