आमची वाटचाल: गिरणीतून ज्येष्ठांच्या ताटापर्यंत

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात सासऱ्यांच्या काळापासून गिरणी आहे. ज्वारी, गहू, तिखट, हळद दळून द्यायची आणि दळणाचे पैसे घ्यायचे, एवढाच धंदा. घरोघरी घरघंट्या आल्या तसं गिऱ्हाईक आटलं. मग मी आणि जाऊबाईंनी ज्वारीच्या आंबिलाचं पीठ, कण्या, सातू आणि जवसाची चटणी पाकिटात भरून विकायला काढली. ती कोणासाठी, हे आम्ही ठरवलं नव्हतं. गिऱ्हाइकांनीच ते ठरवलं.

नोकरीसाठी पुण्या-नागपूरला गेलेली गावची पोरं फोन करायला लागली. "काकू, माह्या बुढीले जेवण जात नाही. दोन घास खाते अन् ताट सरकवते. काही धाडता का?" पैसे भरणारा पुण्यात, खाणारी गावात, मध्ये आम्ही. आज आमचा बराचसा माल असाच जातो. जवळच्या गावांत संकलन केंद्राला दूध नेणारा भाऊ पाकिटं पोचवतो, लांबचं पार्सल एसटीने जातं.

फोन आला की ऑर्डर लिहिण्याआधी मी चार गोष्टी विचारते. जाऊबाई हसतात, "धंदा करते का दवाखाना?" पण विचारल्याशिवाय काय धाडायचं ते कळत नाही. कवळी सैल झाली असेल तर माणूस भाकर चावायचं टाळतो आणि घरचे समजतात भूकच मेली. आमच्याकडे तर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आहेच. वर्षानुवर्षं खाल्ला की काहींचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. अशांना कण्याच मऊ शिजवून ताकात द्याव्या लागतात, आणि तोंड दाखवायला दवाखान्यात न्यावंच लागतं. पोट साफ नसलं तरी अन्नावरची वासना जाते. म्हातारपणी तहानही कमी लागते, त्यामुळे पाणी कमी, मग पुन्हा तीच तक्रार. गोळ्यांचंही विचारते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींची भूक मंदावते, तोंडाची चव बदलते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. आणि चहा! जेवणाआधी दोन कप गोड चहा झाला की कोणती भूक राहणार?

माझं एक ठाम मत झालं आहे. म्हाताऱ्या माणसाला "पौष्टिक आहे, खा" असं सांगून काही खाववत नाही. वयाने जीभ आणि नाक दोन्ही मंद होतात, त्यात पथ्याच्या नावाखाली घरचे सगळंच बेचव करून टाकतात. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर करावंच, पण लसूण, जिरं, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू कोणी बंद केलं? आमच्या आंबिलाची कृती पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेली आहे: पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. ही चव त्यांच्या लहानपणची आहे. पावडरच्या महागड्या डब्याकडे ढुंकूनही न बघणारा बुढा ही वाटीभर पिऊन टाकतो.

ताट गच्च भरून पुढे ठेवू नका, हेही सांगते. लहान वाटी, दर दोन-तीन तासांनी. घास कमी जाणार असतील तर त्यातच बळ कोंबायचं. वरणावर चमचाभर तूप घातलं की साधारण ४५ कॅलरी वाढतात, आणि खाणाऱ्याला ते जडही वाटत नाही. कण्यांत शेंगदाण्याचं कूट, सातूत सायीसकट दूध. आमचा सातू गहू आणि फुटाण्याच्या डाळीचा, निम्मानिम्मा. तीन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅमला पाचेक ग्रॅम प्रथिनं. वय झालेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं आहारतज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. नुसत्या वरण-भाताच्या दोन घासांत ती येत नाहीत, म्हणून चालत असेल तर अंडंही सुचवते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र सातू धाडत नाही, आधी डॉक्टरांना विचारा म्हणते. गिळताना ठसका लागत असेल, किंवा सहा महिन्यांत पन्नासचं वजन पंचेचाळीसवर आलं असेल, तरी तेच. तिथे पिठाचं काम नाही.

धंद्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये अन्नसुरक्षेची नोंदणी काढली. छोट्या उद्योगाला तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळत होतं, पण ते कर्जाला जोडलेलं. बँकेने कागदांसाठी पुष्कळ फिरवलं. शेवटी भाजणीचं यंत्र आणि पाकीट सील करायचं मशीन आलं. किलोची पाकिटं बंद करून पाव किलोची केली, कारण एकट्या माणसाला किलोभर संपत नाही आणि वैदर्भी उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ लवकर कडसर होतं. जवसाची चटणी तर खवट व्हायला वेळच लावत नाही. म्हणून साठा करतच नाही, ऑर्डर आली तसं दळतो. नफा थोडा कमी होतो, पण परत येणारा माल त्याहून जास्त घटला.

मागच्या उन्हाळ्यापासून आणखी एक सुरू केलं. शनिवारी मारुतीच्या पारावर आंबिलाचं पातेलं नेऊन ठेवतो. खरं तर ती जाहिरातच. पण घरी "नको, नको" म्हणणारे बुढे तिथे गप्पा मारता मारता दुसरी वाटी मागतात. एका सूनबाईंना पटेना, म्हणून त्या स्वतः बघायला आल्या. आता त्यांनी सासऱ्यांचं ताट आतल्या खोलीतून ओसरीवर, नातवंडांच्या पंगतीत आणलं आहे. आमच्याकडून पीठ त्या घेतच नाहीत, घरीच दळतात.

सध्या मिठाशिवायच्या जवस चटणीची चव जमवतो आहोत. लिंबाच्या वाळवलेल्या सालीने थोडी जमली, जाऊबाईंना अजून पसंत नाही. दळण शुक्रवारी असतं, ऑर्डर गुरुवार संध्याकाळपर्यंत सांगा. सांगताना दातांचंही सांगा.