कोरडी भिंत

पश्चिमेचं घर दुपारी चारला दाखवायचं नाही आणि वरच्या मजल्याचं घर मे महिन्यात दाखवायचंच नाही, असं मी ज्यांच्या हाताखाली हा घरांच्या दलालीचा धंदा शिकलो त्यांनी सांगून ठेवलं होतं. पहिलं पाळता येतं. पार्टीला सकाळी साडेआठला बोलवायचं, आपण दहा मिनिटं आधी जाऊन खिडक्या उघडायच्या आणि झुळूक आली की गप्प बसायचं. दुसरं पाळायचं म्हटलं तर कोथरूडमधलं माझं हे आठ बाय दहाचं दुकान बंद करावं लागेल. आमचा हंगामच एप्रिल-मेचा. आंबेवाल्याचा आणि माझा.

पूर्वी एक मेला पोरांच्या हातात प्रगतिपुस्तक पडलं की दोन तारखेपासून फोन सुरू व्हायचे. आता सीबीएसईवाल्यांच्या शाळा एप्रिलमध्येच भरतात, त्यामुळे ती मंडळी मार्चपासून घायकुतीला आलेली असतात. बाकीच्यांचं गणित मात्र जुनंच आहे. जूनच्या मध्यावर शाळा, त्याआधी सामान लागलं पाहिजे आणि त्याच्याही आधी टेम्पो मिळाला पाहिजे, कारण पावसात गाद्या कोण भिजवणार? त्यात अकरा महिन्यांचा करार. दर नूतनीकरणाला तो एक महिना अलीकडे सरकायला हवा, पण घाई असते ती माणसं कशीबशी ओढूनताणून त्याला पुन्हा मेच्या कडेलाच आणून सोडतात.

विकत घेणाऱ्यांचा उन्हाळा वेगळा. त्यांचा पाडव्याला सुरू होतो आणि अक्षय्य तृतीयेला रंगात येतो. मधे एक एप्रिल असतो, म्हणजे रेडीरेकनरचे, ज्यांवर मुद्रांक शुल्क ठरतं त्या सरकारी किमतींचे, नवे दर. दर वाढणार अशी नुसती कुजबुज झाली तरी एकतीस मार्चच्या आत दस्त उरकायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ही गर्दी. आधीची दोन वर्षं दर तसेच ठेवून २०२५च्या एक एप्रिलला ते वाढवले, तेव्हा आठवडाभर आधी मला रोज एकच प्रश्न होता, ‘दस्तासाठी उद्याचा नंबर मिळेल का?’ पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. ही सूट सांगितल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो हिशेब उमटतो, तो पाहण्यासारखा असतो. अक्षय्य तृतीयेला दस्त तयार नसतो, कर्ज मंजूर झालेलं नसतं, तरी अकरा हजारांचं टोकन त्याच दिवशी, मुहूर्ताच्या वेळीच द्यायचं असतं. ते मी देवाला हात लावून घेतो. क्षय झाला तर माझ्या नावानं नको.

पण मला सांगायचंय ते घरांबद्दल. इतकी वर्षं घरं दाखवून एक गोष्ट कळली आहे, उन्हाळ्यात घर अर्धंच खरं बोलतं. उकाड्याचं सगळं सांगून टाकतं. स्लॅब तापली की संध्याकाळी सातला पंख्याखाली उभं राहा, पंखा वरची गरम हवा डोक्यावर ओततो. वर गच्चीला पांढरा रंग मारलाय की नाही, पश्चिमेच्या भिंतीला छज्जा आहे की नाही, सगळं पाच मिनिटांत कळतं. पिण्याच्या पाण्याचंही तसंच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, या चार धरणांत मिळून किती टीएमसी उरलंय ते मे महिन्यात पेपरात वाचतो आणि त्यावरून त्या दिवशी कुठल्या सोसायटीचा विषय काढायचा नाही ते ठरवतो. सूचनाफलकावर टँकरच्या वर्गणीचा कागद लावलेला असतो. हुशार माणूस फ्लॅट बघण्याआधी तो वाचतो. मी फलकाच्या आणि त्याच्या मधे उभा राहतो, पण मीही आता जाड झालोय तरी तेवढा रुंद नाही.

जे घर सांगत नाही, ते पावसाचं. ओल, पोपडे, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर उमटणारा नकाशा, यातलं मे महिन्यात काहीही दिसत नाही. सगळ्या भिंती गुणी मुलांसारख्या कोरड्याठाक. मुठेच्या काठची घरंसुद्धा मे महिन्यात काय देखणी दिसतात! खाली नदी म्हणजे हिरवट दोरा, वर पक्षी, आणि आमच्यातलेच काही त्याला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून पैसे लावतात. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत ते घराघरांत शिरलं. त्यानंतर त्या भागातलं तळमजल्याचं घर दाखवताना मी तारीख स्वतःहून सांगतो. दोन सौदे त्यानं गेले. गेले तर गेले.

हा प्रामाणिकपणा मला जन्मजात नव्हता, हे कबूल करायला हवं. सुरुवातीला एका जोडप्याला असंच वरच्या मजल्याचं घर सकाळी दाखवलं होतं. जुलैत त्यांचा फोन आला. भांडले नाहीत, फक्त म्हणाले, ‘जरा या.’ गेलो तर बाळाच्या पाळण्याभोवती तीन पातेली ठेवली होती आणि पाळणा मधे, कोरड्या जागेत. तो आवाज अजून आठवतो, टप्... टप्, टप्. मालकानं हात वर केले होते. ब्रोकरेज परत केलं, पण ते काही उत्तर नव्हतं. २०२३ पासून महारेरानं, म्हणजे बांधकाम क्षेत्रावरच्या सरकारी नियामकानं, आम्हा एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पन्नाशीत पेन्सिल-रबर घेऊन अभ्यासाला बसलो. कार्पेट एरिया, कलमं, सगळं होतं. पातेली नव्हती.

आणि गेली काही वर्षं एक नवीनच गिऱ्हाईक येतंय. रीडेव्हलपमेंटवालं. कोथरूडमधल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या चार मजली सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्यात. बिल्डर भाडं देतो, सामान हलवायचे पैसे देतो आणि तारीख देतो. पस्तीस वर्षं स्वतःच्या घरात राहिलेली माणसं साठी-सत्तरीत भाडेकरू होऊन माझ्यासमोर बसतात. अट एकच, ‘इथंच हवं. भाजीवाला बदलायला नको.’

या मेमध्ये अशाच एक काकू आल्या. काका मागे, हातात मोजायची टेप. मी दुसऱ्या मजल्याचं दाखवलं, लिफ्ट होती, सकाळची वेळ होती, झुळूकही आली. काकूंनी झुळुकीकडे लक्ष दिलं नाही. किचनच्या ओट्याची उंची बघितली, नळ सोडला, बंद केला, थेंब पडतो का ते मोजत उभ्या राहिल्या. मग आतल्या खोलीत गेल्या आणि उत्तरेच्या भिंतीवरून तळहात फिरवू लागल्या. आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

‘तीन भिंती जुन्या, ही एकच नवी रंगवली होय?’

मी मालकांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, निर्धास्त राहा. स्पीकरवर असल्यामुळे काकूंनीही ऐकलं. ‘मग जुलैत येते बघायला,’ त्या म्हणाल्या. काका हळूच म्हणाले, ‘अगं, एकतीसला घर रिकामं करायचंय.’

शेवटी करारात लिहून घेतलं, ओल आली तर मालकानं पंधरा दिवसांत दुरुस्ती करायची, नाहीतर नोटिशीविना घर सोडता येईल. मालक म्हणाले, नोंदणी कशाला, नुसत्या स्टँपपेपरवर करू. मी त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ऐकवलं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे वाक्य मालकमंडळींवर औषधासारखं लागू पडतं. काकूंनी अंगठा मशीनवर ठेवला, तो तीनदा उमटला नाही. ‘भांडी घासून गेलाय,’ म्हणाल्या.

त्या राहायला यायच्या आधी, परवा संध्याकाळी, वळीव आला. धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, दिवे गेले. दुकानात बसवेना. किल्ल्यांच्या जुडग्यातून त्या घराची काढली, स्कूटर काढली आणि भिजत गेलो. मोबाईलच्या उजेडात उत्तरेच्या भिंतीला हात लावला. कोरडी. अर्ध्या तासाचा वळीव तो, जुलैची झड नव्हे, हे मलाही कळतं. तरी बरं वाटलं म्हणून काकूंना तिथूनच फोन केला.

‘भिंत बघितली, कोरडी आहे काकू.’

‘माळ्यावर चढून बघितलंत का?’