तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या ब्रिटिशच का?

घरी पहिल्यांदा आलेलं माणूस बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी थबकतं. आतल्या मॉडेल गाड्या मोजतं, एखादीचं नाव वाचतं, आणि मग प्रश्न येतोच: "सगळ्या ब्रिटिशच का हो? त्यांचं तर तेल गळायचं, पावसात बंद पडायच्या. जर्मन ठेवायच्या, इटालियन ठेवायच्या." चहा होईपर्यंतच्या वेळात याचं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

सदाशिव पेठेत आमच्या वाड्यासमोर एक डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडे फिकट निळी स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली. आमच्या कोपऱ्यावर बाकीच्या गाड्यांना दोन-तीनदा मागेपुढे करावं लागे. डॉक्टर स्टेअरिंग पुरतं वळवायचे आणि हेराल्ड एका दमात फिरायची. साडेसात मीटरच्या आसपास जागा तिला पुरते, हा आकडा मला फार नंतर कळला. तेव्हा आम्ही पोरं नुसती बघत उभी राहायचो. पण खरी मजा फिटर आला की. त्या गाडीचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हतं. दोन्ही मडगार्डं, दिवे, सगळं एकत्र पुढे कलायचं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं व्हायचं. फिटर सरळ पुढच्या चाकावर बैठक मारायचा आणि मांडीशी ताट घेतल्यासारखं काम करायचा.

गाडी अशी का उघडते, हा प्रश्न मला तिथे पडला. उत्तर मिळायला वीस वर्षं गेली. ही मुळात कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फची १९५९ सालची ट्रायम्फ हेराल्ड. कंपनीला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, विकत घेतला आणि अखंड बॉडी बनवून देणारं कुणी उरलं नाही. मग यांनी खाली वेगळी चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ठेवली, वरची बॉडी तुकड्यांत निरनिराळ्या ठिकाणी करून घेतली आणि बोल्ट लावून जोडली. गाडीच्या रूपाच्या रेषा काढल्या इटलीतल्या ट्युरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी. म्हणजे अडचण व्यापारातली, आणि तिच्यातून निघालेली वाट आमच्या वाड्यासमोर फिटरला बसायला जागा करून देत होती. तिथपासून मला या गाड्यांचा लळा आहे. त्यांच्या प्रत्येक खोडीमागे कुणाची तरी अडचण आणि त्या अडचणीवर कुणीतरी काढलेला तोडगा असतो, आणि तो झाकलेला नसतो.

आता मॉडेल. माझ्याकडे बहुतेक एकास अठरा मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाच्या, आहेत, दोन-तीन एकास बाराच्या. लहान मापात गाडीचा आकार दिसतो, पण तोडगा दिसत नाही. जॅग्वार ई-टाइप खरी साधारण साडेचार मीटर लांब; एकास त्रेचाळीसमध्ये ती बोटभर होते, एकास अठरामध्ये पंचवीस सेंटिमीटर. या मापात बॉनेट उघडतं, दारं उघडतात आणि चूकही लपत नाही. मॉडेलमधली पाव मिलिमीटरची फट खऱ्या गाडीत साडेचार मिलिमीटरची होते. स्वस्तातल्या मॉडेलला दाराच्या बिजागऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायासारख्या वाकड्या असतात, दार उघडलं की तो वाकडा पत्रा बाहेर येतो आणि सगळा भास संपतो. आणि हल्ली रेझिनची, काहीच न उघडणारी मॉडेलं येतात. बाहेरून देखणी असतात, पण मी घेत नाही. ज्या गाडीचं बॉनेट उघडत नाही तिच्यात मला बघण्यासारखं अर्धंच उरतं.

ई-टाइप १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. तिची काच रुंद पण उंचीला एवढी कमी की दोन वायपरनी ती नीट पुसली जाईना, म्हणून तीन बारके वायपर. हे कुणालाही दिसतं. मी पाहुण्यांना मॉडेल उताणं करून दाखवते. मागच्या ब्रेकच्या तबकड्या चाकांजवळ नाहीतच, मधोमध डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याला, चिकटून आहेत. मागच्या प्रत्येक चाकाला एक नाही, दोन-दोन स्प्रिंगा, आणि चाक फिरवणारा दांडाच वरच्या आधाराचंही काम करतो. ब्रेकचं वजन चाकावरून काढून गाडीच्या अंगावर घेतलं की खड्ड्यात चाक हलकं होऊन उठतं, गाडी शांत राहते. त्याची किंमत मेकॅनिकने मोजायची: ब्रेकचे पॅड बदलायला गाडीखाली आडवं होऊन पार आत हात घालावा लागतो. माझ्या मॉडेलमध्ये त्या जागी नखही शिरत नाही. ते पाहिलं की खऱ्या गाडीखाली झोपलेल्या माणसाचे हात डोळ्यांसमोर येतात.

मिनीची गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगितली असेल. १९५६ च्या सुएझच्या पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशन आलं आणि बीएमसीने अ‍ॅलेक इसिगोनिस यांना चार माणसांची, कमी पिणारी छोटी गाडी करायला सांगितली. १९५९ ची ती मिनी तीन मीटरच्या जेमतेम वर. इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात तेलाच्या भांड्यात ठेवला, एकच तेल दोघांना. चाकं दहा इंची. लोखंडी स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी बनवलेले रबराचे शंकू. काचा गोल फिरवून खाली करायच्या नाहीत, सरकवायच्या, त्यामुळे दारातलं यंत्र वाचलं आणि पोकळ दारात भलामोठा खण मिळाला. डिकीचं झाकण आडवं उघडं ठेवून सामान लादता येई. तेव्हा नंबर दिसावा म्हणून मागची नंबरप्लेट बिजागरीवर लोंबती ठेवली. माझ्या एकास बाराच्या मिनीत बॉनेट उघडलं की डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाला ठिणगीची वीज वाटून देणारा भाग, अगदी पुढे, जाळीच्या मागेच दिसतो. पावसात बंद पडायची ती इथे. समोरून पाणी आलं की आधी तो भिजायचा. तुम्ही म्हणता ती खोड खरीच आहे, मी ती नाकारत नाही. पण आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन आडवंच असतं.

तेलाचंही तसंच. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश इंजिनांत क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी सील नसायचं. दांड्यावर उलटे आटे कापलेले असत. इंजिन फिरतं तोवर ते आटे तेल आत ढकलतात, इंजिन थांबलं की ढकलणारं कुणी नाही, आणि उरलेलं तेल थेंबाथेंबाने जमिनीवर. गाडी उभी असताना तेल गळतं ते यामुळे.

हे आटे कुठल्याच मॉडेलमध्ये दिसत नाहीत, बोल्टांचेही नाहीत, म्हणून कपाटात गाड्यांशेजारी मी एक पाना ठेवलाय. जुन्या बाजारात रविवारी मिळाला. विकणारा म्हणाला, "ताई, हा कशालाच बसत नाही, ना सुताच्या नटाला ना मिलिमीटरच्या." तो व्हिटवर्थचा, म्हणजे नट-बोल्टांच्या जुन्या ब्रिटिश मापाचा होता. त्यावरचा पाव इंच हा आकडा बोल्टच्या जाडीचा, तोंड मात्र अर्ध्या इंचाहून थोडं मोठं. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टीसीसारख्या गाड्यांत तर याहून पुढची गंमत आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी कॉव्हेंट्रीला आली, सोबत मेट्रिक आटे कापणारी यंत्रं घेऊन. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखाना घेतला, यंत्रं तीच राहिली. आटे मिलिमीटरचेच पडत राहिले, पण ब्रिटिश मेकॅनिकच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थची केली. एकाच बोल्टमध्ये दोन देश.

एक दुःख सांगायचं राहिलं. माझं एक महागडं मॉडेल मी पेटीतच जपून ठेवलं होतं. तीन पावसाळ्यांनी काढलं तर जिथे जिथे आतलं फोम टेकलं होतं तिथे रंगावर घामोळ्यासारखं बारीक पुरळ. ते जात नाही. तेव्हापासून एकही गाडी पेटीत ठेवत नाही. सगळ्या मोकळ्या हवेत, उन्हापासून लांब, आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या.

तेव्हा घरी आलात तर नुसतं काचेबाहेरून बघू नका. ई-टाइपचं बॉनेट तुम्हीच उघडा. अंगठी-घड्याळ काढून ठेवा, दोन्ही हातांनी मडगार्डांच्या कडा धरा आणि हळूच पुढे कलवा. तुमच्या लक्षात येईल, पुढच्या चाकावर बसायला जागा आहे.