फूस म्हणजे पाऊल नव्हे

जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, स्टुटगार्टपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका रुग्णालयात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्यापाशी जर्मन भाषेचे बी-२ पातळीचे प्रमाणपत्र होते आणि सांगलीत केलेल्या ७ वर्षांच्या कामाचा आत्मविश्वास होता. या दोहोंपैकी आत्मविश्वास आधी ढासळला. आपल्याकडे शिरेत सुई लावणे हे सिस्टरचे रोजचे काम; येथे ते बहुतेक वेळा डॉक्टर करतात. उलट रुग्णाला अंघोळ घालणे, दात घासून देणे, घास भरवणे ही जी कामे आपल्याकडे नातेवाईक किंवा मावशी करतात, ती येथे शिकलेल्या परिचारिकेच्याच वाट्याला येतात. त्याचे वाईट वाटून घेण्यात मी बरेच दिवस घालवले, हे कबूल केले पाहिजे.

घरी जुळवून घेणे त्या मानाने सोपे गेले. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध आणि भाजी आणून ठेवायची, एवढे अंगवळणी पडले. आमच्या इमारतीत जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते आणि जिची पाळी तिच्या दारावर तशी पाटी लटकते. या पाळीला ‘केरवोखे’ म्हणतात. त्यातला ‘केर’ आपल्या केरासारखाच ऐकू येत असल्यामुळे तेवढा एक शब्द मला पाठ करावा लागला नाही.

बाकीच्या शब्दांची गोष्ट वेगळी होती. पुस्तकातील जर्मन आणि या भागातील श्वेबिश बोली यांच्यात उच्चारांचा फरक आहे, हे मला ठाऊक होते. पण ओळखीच्या शब्दांचे अर्थच येथे बदलतात, हे कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी सलाईनची बाटली माझ्या हाती देत ‘हेबन’ असे काहीसे म्हटले. शिकवणीत ‘हेबन’ म्हणजे उचलणे. मी बाटली डोक्यावर उंच धरून उभी राहिले. त्या हसत सुटल्या, कारण श्वेबिशमध्ये ‘हेबन’ म्हणजे नुसते धरून ठेवणे. तो किस्सा चहाच्या वेळी दोन-तीनदा सांगून झाला आणि विसरलाही गेला. तो मी गांभीर्याने घेतला असता, तर पुढचे घडले नसते.

हिवाळ्यातील एका संध्याकाळी ८४ वर्षांच्या एक बाई चक्कर येऊन घरात पडल्या म्हणून आमच्या वॉर्डात दाखल झाल्या. त्यांची नोंद मीच केली. ‘फूस’ दुखतो, असे त्या सांगत होत्या. पुस्तकातील जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल आणि अख्ख्या पायाला ‘बाइन’ हा वेगळा शब्द आहे, म्हणून मी कागदावर लिहिले : पाऊल दुखते. रात्रपाळीला ओव्हर देताना, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवतानाही तेच सांगितले. सीरियाहून आलेल्या आमच्या तरुण डॉक्टरांनी पाऊल दाबून पाहिले, एक्स-रे काढला, आणि त्यात काहीही निघाले नाही. बाई आधार घेऊन दोन-चार पावले चालल्याही होत्या, त्यामुळे मुका मार असेल असे धरून सगळे रक्तदाबाच्या मागे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे अंग पुसत होते. उजवा पाय किंचित वळवताच त्यांनी माझे मनगट घट्ट धरले. मी पुन्हा पाऊल तपासले. ना सूज, ना काळे-निळे. अंग पुसून झाल्यावर त्यांनी थंडी वाजते म्हणून ‘टेपिश’ मागितला. टेपिश म्हणजे गालिचा. मी जमिनीकडे पाहिले. तेथे गालिचा नव्हता, आणि असता तरी तो मागण्याचे कारण मला कळेना. शेजारच्या खाटेवरील बाईंनी हसून स्वतःच्या लोकरीच्या पांघरुणाकडे बोट दाखवले. आमच्याकडे यालाच टेपिश म्हणतात, असे त्या म्हणाल्या.

पांघरूण हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. टेपिश जर गालिचा नसेल, तर फूस तरी पाऊल कशावरून? माझी आजी ‘पाय दुखतोय’ म्हणायची, तेव्हा तिचा तळवा दुखतोय की गुडघा की मांडी, हे आम्हाला हात लावून विचारावेच लागे. मी बाईंना म्हटले, बोटाने दाखवा. त्यांनी हात सरळ जांघेवर ठेवला. श्वेबिश माणसाचा फूस कमरेच्या खुब्यापासून बोटांपर्यंत असतो, हे मला त्या क्षणी समजले.

डॉक्टरांना बोलावले, खुब्याचा एक्स-रे झाला. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागाला, फ्रॅक्चर होते. हाडाची टोके एकमेकांत रुतून बसल्यामुळे पाय आखूड दिसत नव्हता आणि त्यावर थोडा भारही पेलत होता. अशा रुग्णाने आणखी काही दिवस चालत राहिल्यास रुतलेली टोके सरकू शकतात. शस्त्रक्रिया त्याच दिवशी ठरली.

आदल्या दिवशीची नोंद माझी होती, म्हणून मी ती चूक लेखी कळवली. डॉक्टर शेजारी बसून माझे लिहिणे पाहत होते. तुला अखेर संशय कशामुळे आला, असे त्यांनी विचारले. मी मराठीतला ‘पाय’ समजावून सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, अरबीत आमचा ‘रिज्ल’ही तसाच, तळव्यापासून मांडीपर्यंत. आपापल्या घरी हा प्रश्न आम्ही दोघांनीही सहज विचारला असता. जर्मन शिकताना तो सोडून द्यायलाही आम्ही बहुधा एकाच पातळीच्या वर्गात शिकलो होतो.

दुपारी बाईंना शस्त्रक्रियेसाठी नेताना त्यांनी पुन्हा टेपिश मागितला. मी दोन आणले.