रंगीत रुपयांची वही: दिवाळीपर्यंतची प्रगती

मंडळी, चांदीच्या रुपयांवर मुद्दाम रंग चढवून बघण्याचा माझा प्रयोग पुढे सरकलाय. ऑनलाइन लिलावात इंद्रधनुषी टोनिंगचे, म्हणजे चांदीवर आपोआप रंग चढलेले, म्हणून जे ब्रिटिशकालीन रुपये नेहमीच्या कितीतरी पट भावाला जातात, त्यांतले मुद्दाम रंगवलेले कोणते हे ओळखायला शिकायचं, एवढाच हेतू आहे.

त्यासाठी पंचम जॉर्जचे 1918 चे झिजलेले रुपये सराफ बाजारातून चांदीच्या भावाने घेतले. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. चांगल्या अवस्थेतल्या नाण्यावर असले प्रयोग कृपा करून कुणी करू नका. एक रुपया खाकी पाकिटात घालून कपाटात ठेवला, एक उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात बंद केला आणि एक पिंपळगावच्या मित्राकडे दिला. त्याच्या शेडमध्ये द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी आणलेलं गंधक असतं.

गंधकाजवळचा रुपया नुसता डागाळून काळा पडला. अंड्याचा मात्र बघण्यासारखा झालाय. उकडलेल्या अंड्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि चांदीवर सल्फाइडचा पातळ थर बसतो. कपाटात वर्षानुवर्षं बसतो तो थरही हाच. रंग ठरतो तो थराच्या जाडीवर. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा. हिरवा फार उशिरा, थर बराच जाड झाल्यावर येतो. म्हणून नाण्यावर शेजारशेजारचे रंगही याच क्रमाने लागायला हवेत. सोनेरीला खेटून एकदम गर्द हिरवा दिसला, की मी ते नाणं सोडून देतो.

भिंगाखाली अंड्याच्या रुपयावर राजाच्या गालावर कुणीतरी कधीकाळी पावडरने घासल्याच्या बारीक रेघा आहेत. त्यातली प्रत्येक रेघ आता निळी उठून दिसते. रंग अक्षरांवरून, खाचांतून सगळीकडे सारखाच पसरलाय. पाकिटातल्या रुपयाच्या नुसत्या कडेला पिवळसर झाक आलीय, मध्यभाग जसाच्या तसा आहे.

ॲसिटोनमध्ये बुडवून रंग खरा की खोटा ते कळतं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. ॲसिटोनने रंग निघाला तर तो वरून लावलेला लेप होता, हे नक्की. पण टिकला म्हणजे नैसर्गिक, असं नाही. अंड्याचा रंग ॲसिटोनमध्ये जराही हलला नाही.

विक्रेत्यांच्या गोष्टींबद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेत मॉर्गन डॉलर ही चांदीची जुनी नाणी कापडी पिशव्यांमध्ये दशकानुदशकं न वापरता पडून होती, म्हणून त्यांच्यावर असे रंग येणं समजू शकतं. आपला रुपया हातोहात फिरला, माळेत ओवला गेला, चिंचेने घासला गेला. अशा झिजलेल्या नाण्यावर झळझळीत इंद्रधनुष्य आलं कुठून, हे विक्रेत्याने सांगायला हवं. ‘शेतात सापडला’ हे उत्तर तर मुळीच चालणार नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 साली नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांवर नाणी. पण जमिनीत राहिलेली चांदी सहसा राखाडी, काळपट होते, तिच्यावर क्लोराइडची खपली धरते. तिथून निळे-जांभळे पट्टे घेऊन रुपया वर येत नाही.

पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्या संशयास्पद रंगाच्या नाण्याला सरळ ग्रेड देत नाहीत. तरी आपल्याकडे अशी नाणी हौसेने घेतली जातात, आणि नव्या संग्राहकाचे पैसे अडकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान फोटोत नाणं धरलेली बोटं तरी बघा. कातडी नारिंगी दिसत असेल तर फोटोचेच रंग वाढवलेत.

आता मी बोली लावण्याआधी व्हिडिओ मागतो: एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करून दाखवा. मूळ चकाकी शाबूत असेल तर उजेडाचा पट्टा रंगावरून फिरत जातो. घासून मग रंगवलेल्या नाण्यावर रंग मेल्यासारखा पडून राहतो. चांगले व्यापारी लगेच व्हिडिओ पाठवतात.

सध्या 1912 च्या एका रुपयावर डोळा आहे. कडेला निळा, आत तांबूस, मध्ये सोनेरी. क्रम तरी बरोबर वाटतोय. व्हिडिओ मागवलाय, बोली रविवारी बंद होते. 1912 चे कडेने रंगलेले रुपये कुणाच्या जुन्या संग्रहात असतील तर दिव्याखालचे फोटो टाका, शेजारी ठेवून बघता येतील.