मँडरिनचे एक सत्र: पेइचिंगची रोजनिशी

सप्टेंबर, पहिला आठवडा. वूताओखोउ, पेइचिंगचा (म्हणजे बीजिंगचा) विद्यापीठांचा भाग

पहिले चार दिवस कागदांचे. सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम असेल तर एक्स-1 व्हिसा लागतो, आणि त्यावर देशात शिरल्यापासून 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. वसतिगृहात राहणाऱ्यांची पोलीस नोंद वसतिगृहच करते. बाहेर खोली घेतली तर 24 तासांत स्वतः ठाण्यात जायचे आणि मिळालेला कागद जपायचा, कारण परवान्याच्या अर्जाला तोच जोडतात. वैद्यकीय तपासणीला उपाशीपोटी जायचे, रक्त काढतात. परवाना होईपर्यंत पासपोर्ट कार्यालयात अडकतो आणि हातात फक्त पोचपावती राहते. पासपोर्टाशिवाय हॉटेल आणि रेल्वेची कामे अवघड, म्हणून सप्टेंबरात लांबचा प्रवास ठरवू नये.

मराठी मुलांची खास अडचण नावाची. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांत स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले असते. सिमकार्ड, बँक, पैशांचे अॅप आणि रेल्वेचे अॅप या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे पडले पाहिजे. एका ठिकाणी वडिलांचे नाव गाळले की खाते पडताळणीत अडकते आणि कारण कोणी नीट सांगत नाही. गुगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या नेटवर चालत नाहीत, तेव्हा नकाशा आणि शब्दकोशाची अॅपे निघण्याआधीच उतरवून घ्यावीत. आपला गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर न्यावा. विजेचा दाब सारखाच आहे.

सप्टेंबर, दुसरा आठवडा. उच्चाराचा तास

वर्गात पीनयीन, म्हणजे रोमन लिपीतले लेखन, फळ्यावर येते आणि इंग्रजी माध्यमातली मुले ते इंग्रजीसारखे वाचू लागतात. इथेच घोडे पेंड खाते. पीनयीनमधला बी हा आपला ब नव्हे, तो प आहे. पी हा फ, पण ओठ दातांना न लावता, ‘फळ’ जुन्या माणसांच्या तोंडून येते तसा. डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. ‘बीजिंग’ असे काही नाही, ‘पेइ-चिंग’ आहे. ज्याला प आणि फ, त आणि थ वेगळे लिहायची सवय बालवाडीपासून आहे, त्याने ही जोडी रोमनमध्ये का शोधावी? वहीच्या समासात सरळ देवनागरी लिहावे. शिक्षिका हसल्या तर हसू द्यावे.

आणखी एक मोठे भांडवल आपल्या गाठीशी आहे: दोन च. ‘चिमणी’तला च आणि ‘चाका’तला च. पीनयीनचा जे हा चिमणीचा च, झेड हा चाकाचा च. हिंदी बोलणाऱ्याला हा दुसरा वेगळा कमवावा लागतो, मराठी माणसाला तो फुकट. क्यू म्हणजे ‘छत्री’तला छ, एक्स म्हणजे ‘शिडी’तला श.

अडते ते पुढे. सी हे अक्षर म्हणजे चाकाच्या च-ला हवेची जोड, आणि हा वर्ण मराठीत नाही. तळहात तोंडासमोर धरून ‘त्स्ह’ म्हणावे, हवा लागली पाहिजे. नाही लागली तर भाजी या अर्थाचा ‘छाइ’ भलताच शब्द होतो. झेड-एच, सी-एच, एस-एच हे तीन जिभेचे टोक ट-च्या जागी नेऊन म्हणायचे. एस-एच म्हणजे पोटफोड्या ष, जो आपण लिहितो पण म्हणत नाही. आर हा र नव्हे. ष म्हणता म्हणता कंठातून आवाज काढला की तो येतो.

स्वरांत चार सापळे. ‘ल’, ‘त’ या प्रत्ययांत लिहिलेला ई हा ए नाही, तो अ-च्या जवळ आहे. एस-एच-आय मधला आय हा इ नाही, नुसता ष लांबवायचा. आणि आय-ए-एन म्हणजे ‘येन’, म्हणून थ्येनआनमन, ‘तियानानमेन’ नव्हे. जे, क्यू, एक्स यांच्या पुढचा यू म्हणजे ओठ गोल करून म्हटलेली ई. शेवटच्या एन-जी मध्ये आपल्याकडून ‘रंग’सारखा ग ठोकला जातो, तो गिळावा.

तोच आठवडा, रात्री

सूर चार आणि पाचवा बिनवजनाचा. पहिला उंच आणि सपाट, तंबोऱ्याच्या तारेसारखा. दुसरा चढता, हाकेला दिलेला ‘काय?’. चौथा वरून खाली, पोराला दटावताना म्हणतो तो ‘चल!’. तिसरा पुस्तकात खाली जाऊन वर येणारा काढतात, त्यामुळे शिकणारे प्रत्येक वेळी त्याला झोका देतात. बोलण्यात तो बहुतेकदा नुसता खालचा असतो, विचारात पडलेल्या माणसाच्या ‘हं…’सारखा. दोन तिसरे लागोपाठ आले तर पहिला दुसरा होतो. ‘नी हाओ’ हे त्याचे पहिले उदाहरण, आणि सगळे ते चुकीच्या सुरात शिकून येतात.

सूर चुकला तर काय होते? तिसऱ्या सुरातला ‘माइ’ म्हणजे विकत घेणे, चौथ्यातला म्हणजे विकणे. ‘थांग’ पहिल्यात सूप, दुसऱ्यात साखर. ‘ष्वेइ-च्याओ’ दोन्ही तिसऱ्यात म्हणजे उकडलेल्या मोदकांसारख्या पुऱ्या, दोन्ही चौथ्यात म्हणजे झोपणे. सूर शब्दाबरोबर एकदमच पाठ करावा. नंतर लावू म्हटले तर तो बसत नाही.

सप्टेंबर, तिसरा आठवडा. कॅन्टीन

‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी. एवढ्यावर काम भागत नाही. ‘रोउ’ म्हणजे मांस म्हटले की तिथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर डुक्कर येते, कोंबडी आणि कोळंबी त्यात धरलीच जात नाही. मापो तोफूवर खिमा असतो, फरसबीच्या कोरड्या भाजीतही बऱ्याचदा असतो. कोंबडीची पूड, ‘ची-चिंग’, ही मिठासारखी पडते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती चालत नसेल तर नाव घेऊन नको म्हणायचे.

निर्धास्त मागावेत असे तीन पदार्थ: ‘ती-सान-श्येन’ (बटाटा, वांगे, ढोबळी मिरची, पण तेलात न्हालेले), बटाट्याचे किसासारखे काप आंबट-तिखट परतून, आणि अंडे चालत असेल तर ‘शी-होंग-ष छाओ ची-तान’, टोमॅटो-अंडे. तिसऱ्यात साखर असते. सुरुवातीला विचित्र लागते.

वाढणाऱ्या बाईंना ‘आयी’ म्हणायचे. शब्दशः मावशी. आपल्याकडेही डबेवाल्या, पोळीवाल्या बाईंना मावशीच म्हणतात, त्यामुळे तोंडात लगेच बसते.

सप्टेंबरअखेर. आकडे

आकडे शिकायला मँडरिनइतकी सोपी भाषा नाही. नव्याण्णव म्हणजे नऊ-दहा-नऊ, पाठांतर संपले. रविवार सोडला तर वारही आकड्यांचेच, सोमवार म्हणजे आठवड्याचा एक, महिनेही आकड्यांचे. गोंधळ दोनच. चार ‘स’ आणि दहा ‘ष’, चौदा आणि चाळीस त्यांच्या उलटसुलट जोड्या. बाजारात बोटांवर दाखवलेले बघावे: अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे 6, अंगठा आणि तर्जनी म्हणजे 8, एकाच हातावर दहापर्यंत जातात.

दुसरा गोंधळ मोठ्या रकमांचा. तिथे गट चार शून्यांचा, ‘वान’ म्हणजे 10,000. एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान, दहा कोटी म्हणजे एक ‘यी’. इंग्रजी मिलियनमधून जाऊ नये, लाखातून सरळ वानमध्ये जावे. एकच शून्य सरकते.

तिकीट मागताना ‘अर’ (दोन) म्हणायचे नाही, ‘ल्यांग चांग फ्याओ’ म्हणायचे: दोन पाने तिकीट. मोजणीचा शब्द मध्ये हवाच. ‘चार जण’, ‘दोन नग’, ‘मेथीची एक जुडी’ म्हणणाऱ्यांना हे नवे नाही, फक्त इथे सूट नाही. काहीच न सुचले तर ‘क’ लावावा, लोक समजून घेतात.

1 ते 7 ऑक्टोबर

राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा. कुठेही जाऊ नये. झाडू मारून झालेला वर्ग आणि रिकामी वाचनालये, आठवड्याभराचे राहिलेले शब्द गिरवायला याहून चांगली वेळ नाही.

ऑक्टोबर, दुसरा आठवडा. राजवाडा

निषिद्ध नगरीचे तिकीट दारात मिळत नाही. सात दिवस आधी, रात्री 8 वाजता पेइचिंगच्या वेळेनुसार, ऑनलाइन आरक्षण उघडते. घरी पालक बसून काढणार असतील तर भारतात तेव्हा साडेपाच. एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, एरवी 40. सोमवारी बंद. पासपोर्ट हेच तिकीट. थ्येनआनमन चौकातून जायचे असेल तर चौकाचे आरक्षण वेगळे, हे लोक विसरतात आणि रांगेतून परत फिरतात.

आत शिरायचे दक्षिणेच्या वूमन दरवाज्याने, बाहेर पडायचे उत्तरेच्या षनवूमन दरवाज्याने. उत्तरेला बाहेर आलात की रस्त्यापलीकडे चिंगषान टेकडी, तिच्यावरून पिवळ्या छपरांचा सगळा पसारा एका नजरेत दिसतो. मला विचाराल तर राजवाड्याहून ही टेकडी सरस.

पेइचिंगची माणसे डावे-उजवे न सांगता पूर्व-पश्चिम सांगतात. ‘तोंग, नान, शी, पेइ’ पाठ नसतील तर रस्ता विचारून उपयोग नाही. बऱ्याच रेल्वे स्थानकांची नावेही दिशांचीच: पेइचिंग पश्चिम, दक्षिण, उत्तर. नुसते ‘पेइचिंग स्टेशन’ म्हणून टॅक्सीत बसलात तर भलत्याच ठिकाणी उतराल. मेट्रोचे भाडे अंतरावर, पहिल्या 6 किलोमीटरला 3 युआन. प्रत्येक स्थानकावर पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते, त्याची पाच मिनिटे धरावीत.

ऑक्टोबरअखेर. भिंत

वूताओखोउहून चीनच्या भिंतीकडे सोपा मार्ग पातालिंगचा: 13 क्रमांकाच्या मेट्रोने छिंगह, तिथून जलद रेल्वे. पातालिंगचे स्थानक जमिनीखाली 102 मीटर आहे, नुसत्या सरकत्या जिन्यांना वेळ लागतो. गर्दीही तिथेच. मूथ्येनयू लांब, साधारण 70 किलोमीटर, पण भिंत तिथे चांगली बघता येते. रोपवे 14व्या बुरुजाला नेतो, खुर्च्यांची दोरी 6व्याला, आणि उतरताना घसरगाडी 6व्यावरून. रोपवेने चढून घसरगाडीने उतरायचे तर मधले आठ बुरूज चालावे लागतात. दोन्ही तिकिटे वेगळ्या ठेक्यांची, एकत्र चालत नाहीत. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. सिंहगड चढणाऱ्याला दम लागणार नाही, गुडघे मात्र बोलतात.

नोव्हेंबर. अक्षरे

15 तारखेला शहराची मध्यवर्ती उष्णता सुरू होते. त्याआधीचे दोन आठवडे खोलीत सर्वांत थंड. हात गारठले की लेखणी चालत नाही, आणि श्रुतलेखन रोज असते.

अक्षर म्हणजे चित्र, ही समजूत आधी टाकावी. बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थाचा, एक आवाजाचा. आई या अर्थाच्या ‘मा’मध्ये डावीकडे स्त्री, उजवीकडे घोडा. घोड्याचा संबंध एवढाच की तोही ‘मा’, सूर वेगळा. पाण्याचे तीन थेंब डावीकडे दिसले की नदी, रस्सा, धुणे. झाडाचे चिन्ह असेल तर लाकडाशी काहीतरी नाते. चौकटी आखलेल्या वहीत आडवी रेघ आधी, उभी नंतर; वरून खाली; डावीकडून उजवीकडे; बंद चौकटीची खालची रेघ सर्वांत शेवटी. क्रम चुकला तर कागदावर चालून जाते, पण मोबाइलवर बोटाने लिहिलेले शोधात सापडत नाही.

एच-एस-के या चिनी भाषेच्या परीक्षेच्या चौथ्या पातळीला जुन्या अभ्यासक्रमात 1200 शब्द लागत, 300 पैकी 180 गुणांना उत्तीर्ण. एका सत्रात शून्यापासून तिथे पोहोचवू म्हणणाऱ्या जाहिराती सोडून द्याव्यात.

व्याकरणातली एक गंमत: ‘वोमन’ म्हणजे आम्ही, आणि पेइचिंगच्या बोलीत ‘चामन’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. इंग्रजी पुस्तक यावर परिच्छेद खर्च करते. नातीही तशीच: ‘कूकू’ आत्या, ‘यी’ मावशी, ‘च्योच्यो’ मामा. काकांत मात्र थोरला आणि धाकटा वेगळा, ‘पोपो’ आणि ‘षूषू’.

9 डिसेंबर. षच्याच्वांग

पेइचिंग पश्चिमहून जलद रेल्वेने साधारण 280 किलोमीटर. तिकिटे 15 दिवस आधी उघडतात, नाव पासपोर्टाबरहुकूम. स्थानकातून 3 क्रमांकाच्या मेट्रोने शिनपाइ चौक, तिथून 1 क्रमांकाने एकच स्थानक, ‘ल्येष लिंगयुएन’, हुतात्मा स्मशानभूमी. पुढच्या स्थानकाचे नाव ‘हफिंग इस्पितळ’, म्हणजे शांतता इस्पितळ.

स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. जन्म सोलापूर, 1910. मृत्यू 9 डिसेंबर 1942, वयाच्या 32व्या वर्षी. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात दोन मराठी, कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ जोडले. ह्वा म्हणजे चीन.

कोटणीसांचे नाव ‘ख-ती-ह्वा’. आपला क तिथे ख झाला, बहुधा रोमन के-मधून गेल्यामुळे. पहिल्या दोन्ही अक्षरांत डावीकडे झाडाचे चिन्ह आहे, आणि पहिल्याच्या उजवीकडे आवाज देणारा ‘ख’. तोच ‘ख’ कोकाकोलाच्या बाटलीवर दोनदा छापलेला असतो. स्थानकावरच्या दुकानात तो आधी पाहून घ्यावा, म्हणजे दगडावर चटकन ओळखू येतो.